कानोसा

गिम्लीला पोचलो तेव्हा सरोवराच्या कडेला
दुधावर साय धरावी तसा बर्फ धरू लागला होता.
थोरस्टाइनच्या लेकीनं टोरांटोहून पाठवलेली खोकी
जेवणघरात, थप्पी लावून:
पाच स्पीकर, एक ॲम्प्लिफायर,
आणि एक सबवूफर, एवढा थोरला
की ग्वुडरूनबाईंनी त्याच्यावर इस्त्रीचे कपडे रचले होते.

"ह्यांना ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या,
"चाळीस हिवाळे बर्फावर मासेमारीची गाडी हाकली,
इंजिन पाठीला लावून.
मला येतं, पण मला हे नकोय.
पोरीला सांगितलं. ती ऐकते?
आमच्याकडे ऐकू येण्याचा आणि ऐकण्याचा
संबंध नाही फारसा."

मी दुकानातल्या सवयीनं सुरू झालो:
मधला स्पीकर संवादांना, पडद्याखाली,
कानामागचे दोन जरा उंचावर...
आणि शब्द तोंडातच राहिले.
थोरस्टाइन माझ्या ओठांकडे बघत होता,
गळाच्या दोरीकडे बघावं तसा.

सबवूफरची जागा शोधायची एक जुनी युक्ती आहे.
त्याला सोफ्यावर बसवायचं, पाहुण्यासारखं,
आणि आपण रांगायचं भिंतीकडेनं;
जिथे खर्ज भरीव लागेल ती त्याची जागा.
मी रांगलो. वय पन्नास, गुडघे त्याहून थोर.
मीटर म्हणाला, खिडकीखाली.
म्हाताऱ्यानं मान हलवली.
मोजे काढले.
एकेक पाऊल टाकून थांबत, अनवाणी,
नोव्हेंबरात सरोवरावर पहिला माणूस उतरतो तसा चालला,
आणि कपाटाच्या कोपऱ्याच्या हातभर अलीकडे
टाच आपटली.
मीटर तिथे नेला. मीटरनं मुकाट कबूल केलं.

तारा ओढल्या, अंतरं भरली,
डावा दोन मीटर चाळीस, उजवा दोन साठ,
दाराच्या चौकटीपायी उजवा जरा हट्टी.
"झालं," म्हणालो, आणि बिलाचं पुस्तक काढलं.

त्याचा तळवा सबवूफरवर. कपाळाला आठी.
पडदा तर बंद.
फ्रिजवरची पाटी काढून लिहिलं: काहीतरी चालू आहे.
मी कान लावला. तळघरातली भट्टी, फ्रिज,
ग्वुडरूनबाईंच्या विणायच्या सुया.
काही नाही, म्हणालो.
त्यानं माझा हात धरून आपल्या हाताखाली ठेवला.

होता.
साठ हर्ट्झचा, मुंग्यांची रांग चालावी तसा,
माझ्या वीस वर्षं तयार केलेल्या कानांना चकवून
आत बसलेला विजेचा गुणगुणाट.

मग एकेक प्लग काढत गेलो.
त्याचा एक हात खोक्यावर, दुसरा वर: अजून आहे.
टीव्ही काढला. हात वर.
डिस्क प्लेअर. वर.
मीच विकलेली महागडी स्पीकरची तार. वर,
जरा जास्तच वर.
शेवटी भिंतीतून येणारी केबलवाल्यांची काळी वायर,
तिचं अर्थिंग एकीकडे, घराचं दुसरीकडे.
तिचे आटे सोडवले.
हात खाली आला.

"एका घरात दोन जमिनी, म्हणून कुरबूर," मी बाईंना समजावलं.
"मला सांगताय?" त्या म्हणाल्या.

एवढासा एक डबा मधे बसवला की मिटतं. डबा गाडीतच होता.
पण थोरस्टाइनचा तळवा अजून तिथेच,
खिसे चाचपणाऱ्या माणसासारखा चेहरा.
पाटी पुसली. सावकाश लिहिलं:
बर्फ गुणगुणतोय तोवर उभं राहावं.
गप्प झाला की पळावं.
मग खाली, बारीक अक्षरात: परत लावाल?

मी बाईंकडे बघितलं.
"मला कुठे ऐकू येत होता," त्या म्हणाल्या,
आणि टाके मोजायला लागल्या.

काळी वायर परत आवळली.
सिनेमा कुणी लावला नाही.
बिलावर लिहिलं: दोष सापडला. दुरुस्ती केली नाही.
पैसे दिलेच त्यांनी, वर कागदात गुंडाळलेला
धुरी दिलेला मासा.
मागच्या सीटवर मीटरशेजारी ठेवला.
विनिपेगपर्यंत गाडीभर वास,
आणि स्टिअरिंगमधून हाताला लागणारं
काहीतरी, आजवर कधी न लागलेलं.